लखनचा फोन

गिऱ्हाईक कितीही तापलेलं असो, धम्मपालचं पत्र गेलं की ते निम्मं निवतं, असं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या त्या कंपनीत सगळेच म्हणायचे. कंपनी द्राक्षांच्या पॅकहाऊसना शीतगृहाची यंत्रणा बसवून द्यायची आणि धम्मपाल तिथे प्रोजेक्ट मॅनेजर होता. कोणतं काम कशाच्या आधी व्हायला हवं ते ठरवायचं, कंत्राटदारांच्या मागे लागायचं, उशीर झाला की गिऱ्हाइकाची समजूत काढायची आणि दर आठवड्याला मालकांपुढे अहवाल ठेवायचा. हातात ना पाना ना पक्कड, तरी याच्यावाचून गाडं हलत नाही, अशी ती नोकरी.

पत्रांतली ती इंग्रजी त्याला सहज मिळालेली नव्हती. वडील भिकन नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामगार होते, शाळा मराठी माध्यमाची. पॉलिटेक्निकला असताना तो वाचनालयात बसून व्यापारी पत्रांचे नमुने उतरवून काढायचा. वडील म्हणायचे, ज्याला कागद नीट लिहिता येतो त्याला साहेबाच्या टेबलासमोर उभं राहावं लागत नाही, खुर्ची मिळते. धम्मपालला खुर्ची मिळाली होती. कॉलनीतली मुलं नोकरीचे अर्ज तपासून घ्यायला अजूनही त्याच्याकडे यायची.

दिवाळीनंतर कंपनीत तृप्ती मॅडम आल्या. पुण्याला मोठ्या ठिकाणी काम केलेल्या, वयाने धम्मपालपेक्षा लहान, बोलायला स्पष्ट. सगळ्या प्रोजेक्टची जबाबदारी मालकांनी त्यांच्याकडे दिली. त्यांनी सोबत एक एआयचं टूल आणलं. मीटिंग संपून माणसं खुर्च्या सरकवताहेत तोवर ते मीटिंगचा वृत्तांत लिहून सगळ्यांना पाठवायचं. कामाचं वेळापत्रक मांडायचं, एक तारीख हलली की बाकीच्या आपोआप हलवायचं, धोका कुठे आहे ते लाल रंगात दाखवायचं. साइटवरच्या माणसांनी प्रत्येक चाचणीची नोंद मोबाईलवरच्या त्याच्या ॲपमध्ये टाकायची. पहिल्याच दिवशी तृप्ती मॅडमनी धम्मपालकडे एखादं अवघड पत्र मागितलं. पिंपळगावच्या एका निर्यातदाराने शिव्या तेवढ्या गाळून लिहिलेलं एक पत्र त्याने दिलं. टूलने उत्तर लिहिलं. तृप्ती मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही दुरुस्त करा, तुमचा यात हातखंडा आहे. धम्मपालने वाचलं. एक स्वल्पविराम बदलला, मग तोही होता तिथे परत ठेवला.

तृप्ती मॅडमनी कोणाला अंधारात ठेवलं नाही. कंपनीत सहा प्रोजेक्ट मॅनेजर होते. मार्चनंतर दोघेच लागतील, असं त्यांनी सहाही जणांना समोर बसवून सांगितलं. जे हे टूल हाताळायला शिकतील आणि टूलला जे जमत नाही ते करून दाखवतील, ते राहतील.

धम्मपाल शिकला. झाडून सगळ्यांच्या आधी शिकला. टूलला काय सांगितलं की ते काय देतं, कुठे थापा मारतं, कुठे पकडायचं, सगळं त्याला येऊ लागलं. पण झालं असं, की तो जितका तरबेज झाला तितकं त्याचं स्वतःचं काम कमी होत गेलं. पूर्वी सोमवारचा अख्खा दिवस अहवालात जायचा, तो आता चहाच्या आधी तयार असायचा. मग तो टेबलाशी बसून राहायचा, आणि कोणी पाहील म्हणून कुठलीतरी फाईल उघडून ठेवायचा. घरी मनाली, त्याची बायको, विचारायची की आता तर तुम्हाला सगळं येतं, मग जेवण का जात नाही. ती शाळेत शिकवायची आणि शिकलेलं माणसाला तारून नेतं यावर तिचा विश्वास होता. तिला काय सांगणार? शिकलो म्हणूनच मी लागत नाही, हे त्याला स्वतःलाही नीट उच्चारता येत नव्हतं.

टूलला जे जमत नाही ते काय, याचा तो रात्रंदिवस विचार करायचा. त्याला एकच उत्तर सापडायचं, आणि ते होतं लखन.

लखन पेठकडच्या एका पाड्यावरचा. त्याचे वडील पुंजा भाताची खाचरं सांभाळून हंगामात निफाडकडे बागांच्या कामाला यायचे. लखन आयटीआय करून वायरमन झाला आणि कंपनीची बाहेरची कामं घेऊ लागला. गेली कितीतरी वर्षं धम्मपालच्या प्रत्येक प्रोजेक्टवर विजेचं काम त्याचंच. लखनला लिहायचा कंटाळा, पण काही बिनसलं की त्याचा धम्मपालला फोन यायचाच. साहेब, प्लंबर उद्या येणार नाय, त्याच्या घरी मयत हाय. साहेब, पत्रे आलेत पण जाडी कमी हाय, तुम्ही बघून घ्या. धम्मपाल म्हणायचा, "बरं, मी बघतो," आणि खरंच बघायचा. कोणाचं नाव न घेता मार्ग काढायचा. कागदावर सगळं ठीक असताना धम्मपालला कसं कळतं, याचं मालकांना नवल वाटायचं. तो सांगायचा नाही.

जानेवारीत सायखेड्याच्या पॅकहाऊसचं काम शेवटाला आलं होतं. दुपारी धम्मपाल कंपनीच्या आवारात गाडीपाशी उभा असताना लखनचा फोन आला. लाईट गेली की भार आपोआप जनरेटरवर जायला हवा, त्यासाठी जे चेंजओव्हर पॅनल बसवलं होतं ते चाचणीत मध्येच अडकत होतं. आतला एक भाग बदलावा लागणार होता.

"आता ॲपमध्ये काय टाकू साहेब?" लखनने विचारलं. "नापास टाकलं तर फोटो मागतो, कारण लिहायला सांगतो. मला ते नाय जमत."

पूर्वी असतं तर धम्मपालने स्वतः लिहून दिलं असतं. त्या दिवशी त्याने मान वर केली. समोर कंपनीच्या काचेतून त्याला तृप्ती मॅडमच्या खोलीतला मोठा पडदा दिसत होता, त्यावर सगळे प्रोजेक्ट हिरवे. आणि त्याच्या मनात आलं, की ही गोष्ट जगात आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. सोमवारी हस्तांतर, पॅकहाऊस गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं. मालक येतील, तृप्ती मॅडम येतील, पडदा सांगेल सगळं ठीक, आणि सगळ्यांसमोर पॅनल अडकेल. मग आपण पुढे व्हायचं. नवा भाग आपल्या गाडीत असेल. मला शंका होतीच, म्हणायचं. तासाभरात काम चालू. माणूस कशाला लागतो ते एकदा डोळ्यांनी पाहू देत.

"तू ओके टाक," तो म्हणाला. "बाकी मी बघतो. सोमवारपर्यंत कोणाला चालू करू देऊ नको."

लखनने ओके टाकलं. धम्मपालने पुण्याच्या विक्रेत्याला फोन करून तो भाग स्वतःच्या नावावर मागवला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला.

पण टूल काही सोमवारची वाट बघत बसणारं नव्हतं. सगळ्या चाचण्या हिरव्या झालेल्या पाहून त्याने सुचवलं, की हस्तांतर तेवढं सोमवारी, पण वापर आधी सुरू करता येईल. तृप्ती मॅडमनी होकार दिला आणि पॅकहाऊसचा व्यवस्थापक सुनील याला तसं पत्र गेलं. हवामान खात्याने अवकाळीचा इशारा दिलेला, बागांमध्ये घाईघाईने तोडणी चाललेली. सुनीलला ते पत्र देवासारखं वाटलं. त्याची प्रत धम्मपाललाही आली होती. पण टूलची पत्रं दिवसभर येत राहायची, सगळी एकाच गुळगुळीत भाषेतली. एके काळी कंपनीतून जाणारं प्रत्येक पत्र वाचणाऱ्या धम्मपालने ती उघडणं कधीच सोडलं होतं.

शुक्रवारी सकाळी क्रेट भरभरून द्राक्षं आत जाऊ लागली. लखनने सुनीलला थांबवायचा प्रयत्न केला. सुनीलने त्याला मोबाईल दाखवला. म्हणाला, तुमचीच कंपनी सांगते की चालू करा, आणि चाचणी पास झाल्याची नोंद तुझ्याच नावावर आहे. लखनने धम्मपालला फोन लावला.

धम्मपाल तेव्हा मालकांसमोर बसला होता. सहा जणांपैकी कोण राहणार, त्याच्या मुलाखती चालल्या होत्या. मालकांनी साधा प्रश्न केला होता. हे सगळं टूल करतं तर मग तुम्ही काय करता? धम्मपाल उत्तर जुळवत होता तोच खिशातला फोन थरथरला. त्याने नाव पाहिलं आणि कट केला. परत थरथरला. परत कट केला. मग फोन बंदच करून ठेवला, आणि माणसांशी असलेलं नातं हीच प्रोजेक्ट मॅनेजरची खरी पुंजी कशी असते, ते मालकांना समजावून सांगू लागला.

लखन निघून गेला असता तर त्याला काही झालं नसतं. पण नोंद त्याच्या नावावर होती, म्हणून तो तिथेच पॅनलपाशी बसून राहिला. दुपारी लाईट गेली. जनरेटर सुरू झाला, पण पॅनल अडकलं आणि शीतगृहातले पंखे थांबले. बायका पॅकिंग टाकून उभ्या राहिल्या, सुनील ओरडू लागला की माल खराब होईल. लखनने पॅनलचं दार उघडलं आणि हाताने दांडा सरकवायला घेतला. नेमकी त्याच वेळी लाईट परत आली. बाहेरच्यांना फक्त एक मोठा आवाज ऐकू आला आणि दारातून निळापांढरा झोत दिसला.

धम्मपालने फोन चालू केला तेव्हा लखनला नाशिकला आणत होते.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा लखनची बायको सरिता बाकावर बसली होती. पाड्यावरून जीप करून आलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जीव वाचेल, डोळे वाचतील, उजव्या हाताचं आत्ताच बोलता येत नाही. धम्मपालला पाहून ती उठून उभी राहिली आणि पदर सावरत म्हणाली, "साहेब आले. आता मला काळजी नाय."

त्याला तिथे उभं राहवेना. डॉक्टरांशी बोलून येतो म्हणून तो जिन्यात गेला आणि भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. घरी जाताना नाशिक रोडचा उड्डाणपूल कधी ओलांडला ते त्याला कळलं नाही.

चौकशी फार चालली नाही. सगळ्या नोंदींवरून टूलनेच अपघाताचा अहवाल लिहिला, स्वच्छ, मुद्देसूद. तंत्रज्ञाने चाचणी न करता ती यशस्वी झाल्याचं नोंदवलं आणि नंतर सुरक्षेचे नियम मोडून चालू पॅनलमध्ये हात घातला, असा त्याचा निष्कर्ष होता. नोंदीत होतं त्यावरून दुसरं काही लिहिता आलं नसतं. चूक तंत्रज्ञाची, तेव्हा दवाखान्याचा भार कंपनीवर येत नाही, असं विम्याच्या माणसाने सांगितलं. लखनचं कंत्राट बंद झालं.

तृप्ती मॅडमनी धम्मपालला खोलीत बोलावलं. त्या हादरलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "सर, माझी चूक मी मालकांपुढे कबूल केली. खोट्या नोंदीवर टूल किती शहाणपणाने बोलतं ते मला आत्ता दिसलं. साइटवर कोण काय लपवतंय हे ओळखणारं माणूस पाहिजेच. मी तुमचं नाव दिलंय. तुम्ही राहताय."

म्हणजे त्याला हवं होतं ते सगळं झालं होतं.

संध्याकाळी मनालीला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडली. गेले तीन महिने हिनेही आपल्यापुरतं ओझं वाहिलेलं आहे, हे त्याला तेव्हा दिसलं. तिने शेजारी पेढे दिले. वडिलांना सांगितलं. भिकनराव नुसते मान डोलावत राहिले, आणि ती समाधानाने हलणारी म्हातारी मान बघणं धम्मपालला सगळ्यात जड गेलं.

दुसऱ्या दिवशी तो लखनला भेटायला गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, भुवया जळून गेलेल्या. सरिता त्याला चमच्याने पेज भरवत होती. धम्मपाल आला म्हणताच तिने वाटी खाली ठेवली, स्टूल पुढे केलं आणि बाहेर गेली. बराच वेळ धम्मपाल हवापाण्याचं, डॉक्टरांचं, गोळ्यांचं बोलत राहिला. मग लखननेच विषय काढला.

"साहेब, कंपनीचा माणूस आला होता. म्हणतो तू खोटं लिहिलं. मी म्हणलं, मी साहेबांना सांगितलं होतं. तो मानत नाय." त्याला बोलताना धाप लागत होती. "तुमच्या ध्यानातून गेलं असंल. आता तुमच्या मागं लय व्याप हाय, मला माहीत हाय. तुम्ही फक्त एवढं सांगा त्यांना, की लखनने फोन केला होता."

धम्मपाल म्हणाला, सांगतो. ध्यानातून गेलं नव्हतं, एवढं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

घरी येऊन त्याने मनालीला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती चिडेल, निदान रडेल. ती फक्त ऐकत राहिली. मुलगी दहावीला होती, आतल्या खोलीत पाठांतर करत होती, तिचा आवाज येत होता. शेवटी मनाली म्हणाली, "मला का सांगितलंत? आता मी गप्प बसा म्हटलं तर ते पाप माझं, आणि बोला म्हटलं तर हे घर मी मोडलं." आणि ती उठून मुलीच्या खोलीत जाऊन बसली.

तो दोन दिवस कामावर गेला. लोक अभिनंदन करत होते. ज्या चौघांची नावं नव्हती त्यांच्यातला एक जण जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी बोलायला आला आणि म्हणाला, तू राहिलास ते बरं झालं, निदान साइटवरच्या माणसांना कोणी वाली राहिला. धम्मपालने डबा बंद केला, हात धुतले आणि तसाच तृप्ती मॅडमच्या खोलीत गेला.

त्याने उभ्यानेच सांगितलं. लखनचा फोन, ओके टाक म्हणालो ते, का म्हणालो ते, गाडीत नवा भाग आणून ठेवला होता ते. तृप्ती मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मी तुम्हाला का निवडलं माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या. "लोक तुम्हाला खरं सांगतात. टूलला कोणी खरं सांगत नाही. सर, तुमच्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. आणि तुम्ही तिचा सापळा केला."

त्यांनी त्याचा जबाब घेतला. लिहायला टूल उघडलं, मग बंद केलं आणि त्याला कोरा कागद दिला. आयुष्यभर कागदावर पकड असलेल्या माणसाला त्या दिवशी पहिली ओळ सुचेना. खूप खाडाखोड करून त्याने कसाबसा एक कागद भरला, तोही मराठीत.

नोकरी त्याच दिवशी गेली. जबाब मिळाल्यावर विम्याची गाठ सुटली आणि लखनच्या दवाखान्याचा खर्च कंपनीने उचलला, एवढं एक झालं. सुनीलने सायखेड्यात आणि निफाडात सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. सांगणारच. त्यानंतर धम्मपालने कामासाठी ज्या ज्या पॅकहाऊसला फोन केला तिथून गोड बोलून नकार आला. शहरातल्या दोन कंपन्यांनी मुलाखतीला बोलावलं. दोन्हीकडे विचारलं, हे सगळं आता एआय करतं, तुमचं वेगळं काय? त्याला पूर्वीचं उत्तर देता येईना आणि नवं त्याच्याकडे नव्हतं. मनाली शाळेनंतर शिकवण्या घेऊ लागली. ती त्याच्याशी नीट बोलायची, ताट वाढायची, पण लखनचं नाव घरात निघालं नाही. वडील सकाळी पेपर वाचताना अधूनमधून त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचे आणि परत वाचू लागायचे.

लखनला फोन केला की सरिता उचलायची. ते झोपलेत, म्हणायची. पुढे पुढे फोन उचलणंही बंद झालं.

एप्रिल संपता संपता धम्मपाल एसटीने पेठच्या रस्त्याला उतरला आणि चालत पाड्यावर गेला. डोंगर उघडेबोडके झाले होते, खाचरं तडकली होती. लखन ओसरीवर बसला होता. डावा हात बरा दिसत होता, उजव्याची बोटं आखडून मुठीसारखी झाली होती. पुंजाबाबांनी पाहुणा म्हणून बाज पुढे केली. सरिताने तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि घरात गेली.

धम्मपाल घरून बरंच काही ठरवून आला होता. त्यातलं थोडंफार तो बोलला. माफ कर म्हणाला. नोकरी जाईल म्हणून डोकं फिरलं होतं, तुझ्या केसाला धक्का लागावा असं स्वप्नातही नव्हतं, म्हणाला.

लखनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इसरला असता तर चाललं असतं साहेब. माणूस इसरतो."

पुढे तो कामाचं बोलू लागला, आणि त्याचा आवाज जरा मोकळा झाला. दिंडोरीकडच्या एका कंत्राटदाराने त्याला देखरेखीचं काम दिलं होतं. हाताने होत नसलं तरी बघून सांगता येतं. तिथेही तसलंच ॲप होतं. "लिहायचं जमणारच नाय आता," तो आखडलेल्या बोटांकडे बघत म्हणाला. "पण त्याला बोललेलं कळतं. आमच्या बोलीत बोललो तरी नीट मराठीत लिहितो. जिथं काय चुकलं दिसंल, तिथंच उभा राहतो आणि बोलून टाकतो. समद्यांना एकदम जातं. मधी कोणी नाय."

हे त्याने टोचायला सांगितलं नव्हतं. नवी गोष्ट म्हणून सांगितलं. पूर्वी काही नवं कळलं की असंच सांगायचा.

धम्मपाल म्हणाला, चांगलं आहे. मग तो उठला. पुंजाबाबा म्हणाले, ऊन आहे, टळल्यावर जा. लखनला कोणाचा तरी फोन आला होता आणि तो डाव्या हाताने तो कानाला लावून आत गेला.

फाट्यावर सावली नव्हती. नाशिककडे जाणारी एसटी दुपारी असते का, हे विचारायलाही रस्त्यावर कोणी नव्हतं. धम्मपाल मैलाच्या दगडावर बसला आणि पेठकडून येणाऱ्या वळणाकडे बघत राहिला.